वाचकांचे प्रश्न : डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषध कायदा

गेल्या अंकात औषधांच्या बिलाविषयीच्या एका पत्राला उत्तर देताना, डॉक्टरांची चिठ्ठी हा कायद्याने स्वरूप ठरवून दिलेला दस्तऐवज आहे, असे एक वाक्य ओघात लिहिले गेले. त्या वाक्यावर सोलापूर शहरातून आणि बाहेरच्या तालुक्यांतून इतकी पत्रे आली की या वेळचे सगळे सदर त्याच विषयाला देणे भाग पडले. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : मेडिकलवाल्याने अडवले. ही तक्रार काही ठिकाणी रास्त आहे. परंतु पत्रांसोबत आलेल्या चिठ्ठ्यांच्या प्रती पाहिल्यावर असे दिसते की दुकानाच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या अडचणीचे मूळ पुष्कळदा चिठ्ठी जिथे लिहिली गेली त्या टेबलावर असते.

पुढील उत्तरांचा मुख्य आधार औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम हा आहे. त्यांतील नियम ६५ मध्ये चिठ्ठी कशी असावी, ती कशी वापरावी आणि तिची नोंद कशी ठेवावी हे सांगितले आहे. कायदा केंद्राचा असला तरी दुकानांचे परवाने देणे आणि तपासणी करणे हे काम राज्याचे अन्न व औषध प्रशासन करते. औषध देणाऱ्या फार्मासिस्टला १९४८ चा फार्मसी अधिनियम लागू होतो आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना वैद्यकीय परिषदेचे २००२ चे आचारविषयक विनियम. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांना पुण्यातील डॉक्टरांनी तपासले. मूळ चिठ्ठी पुण्याला भावाकडे राहिली, म्हणून त्याने तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सात रस्त्याजवळच्या मेडिकलमध्ये रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी त्या फोटोवर मिळाली. झोपेच्या गोळीसाठी मात्र 'मूळ चिठ्ठी आणा' असे सांगण्यात आले. डॉक्टर स्वतः फोनवर बोलायला तयार होते, तरी उपयोग झाला नाही. एकाच फोटोवर दोन औषधे चालतात आणि तिसरे चालत नाही, हे कसे?
— वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या प्रश्नातील फोनचा भाग आधी निकालात काढू. नियम ६५ च्या उपनियम १० नुसार चिठ्ठी लेखी असली पाहिजे, तिच्यावर देणाऱ्याची नेहमीची सही आणि तारीख असली पाहिजे, ज्याच्यासाठी औषध आहे त्याचे नाव व पत्ता असला पाहिजे, आणि औषधाची एकूण संख्या व मात्रा लिहिलेली असली पाहिजे. फोनवरच्या बोलण्यात यांपैकी एकही गोष्ट नसते. त्यामुळे डॉक्टर कितीही ओळखीचे असले आणि आवाज त्यांचाच आहे याची खात्री असली, तरी तोंडी सांगणे ही आपल्याकडे चिठ्ठी ठरत नाही. अक्षर लागत नसेल किंवा मात्रेविषयी शंका असेल तर फार्मासिस्टने डॉक्टरांना फोन करावा हे योग्यच आहे. तो फोन चिठ्ठीचा खुलासा असतो, चिठ्ठीची जागा घेत नाही.

फोटोचे उत्तर इतके सरळ नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला आणि इलेक्ट्रॉनिक सहीला कायदेशीर मान्यता दिली आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांतील चिठ्ठीच्या व्याख्येत लेखी आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही प्रकारच्या निर्देशांचा समावेश आहे. २५ मार्च २०२० रोजी आलेल्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन वा व्हिडिओवरून होणाऱ्या तपासणीच्या, मार्गदर्शक सूचना तर सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा डिजिटल प्रत ईमेलने वा संदेशाच्या माध्यमातून रुग्णाला पाठवता येते, असे स्पष्टच म्हणतात. तेव्हा 'फोटो म्हणजे चिठ्ठी नाहीच' असे सरसकट विधान आज कोणी करू नये.

तरीही मेडिकलवाल्यांची अडचण खरी आहे, आणि ती उपनियम ११ मध्ये आहे. चिठ्ठीवर औषध देताना दुकानाचे नाव, पत्ता आणि औषध दिल्याची तारीख त्याच चिठ्ठीवर, डॉक्टरांच्या सहीच्या वरच्या बाजूला, नोंदवली पाहिजे असे तो उपनियम सांगतो. आपण ज्याला मेडिकलचा शिक्का म्हणतो तो हाच. पुष्कळ दुकानांत तो घाईघाईत कागदाच्या पाठीमागे उमटवला जातो आणि काही दुकानांत उमटवलाच जात नाही. पण एकदा दिलेले औषध त्याच कागदावर दुसऱ्या दुकानातून पुन्हा घेतले जाऊ नये, यासाठीचा तो एकमेव साधा उपाय आहे. आपल्या मोबाइलमधील फोटोवर शिक्का मारता येत नाही. दुकानदाराने फोटोची छापील प्रत काढून तिच्यावर शिक्का मारला तरी पुण्यातील मूळ कागद कोराच राहतो, आणि तोच फोटो नवी पेठेतल्या, अशोक चौकातल्या आणि होटगी रस्त्यावरच्या दुकानांत त्याच दिवशी दाखवता येतो.

झोपेची गोळी वेगळी का, याचे कारण तिच्या पाकिटावर आहे. पत्रासोबतच्या फोटोवरून ती अल्प्राझोलाम असल्याचे दिसते. नियमांना जोडलेल्या औषधांच्या याद्यांना शेड्यूल म्हणतात; हे औषध त्यांतील शेड्यूल एच-१ या अधिक कडक यादीत आहे आणि अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याखालील मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांतही मोडते. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या शेड्यूल एच या तुलनेने सौम्य यादीतील आहेत. चिठ्ठी दोन्हींना लागते. तथापि करोनाच्या काळात, २६ मार्च २०२० रोजी केंद्राने जी अधिसूचना काढली तिच्यात ईमेलने आलेल्या चिठ्ठीवर घरपोच औषध देण्याची मुभा शेड्यूल एच पुरती होती, आणि एच-१, त्याहूनही कडक असलेल्या शेड्यूल एक्स मधील व अमली औषधे तीतून वगळली होती. बहुतेक दुकानदारांनी तोच धडा मनाशी बांधला आहे आणि माझ्या मते तो शहाणपणाचा आहे. आपल्या बाबतीत सोपा मार्ग असा की भावाने मूळ चिठ्ठी कुरियरने पाठवावी, किंवा तोपर्यंत झोपेच्या गोळीपुरते येथील डॉक्टरांना दाखवून नवी चिठ्ठी घ्यावी.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून अकरा वर्षांपासून रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे घेते. डॉक्टर सहा महिन्यांनी बोलावतात. पण मेडिकलमध्ये दर महिन्याला 'चिठ्ठी जुनी झाली' असे ऐकावे लागते. चिठ्ठीची मुदत किती असते?
— वाचक, विजापूर रोड

उत्तर : बाई, आपण सोबत जोडलेल्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी तारीख घालून, रक्तदाबाचा आकडा लिहून, खाली फक्त 'सी.टी. ऑल' असे लिहिले आहे. म्हणजे मागची सगळी औषधे चालू ठेवा. आपल्या दृष्टीने त्याचा अर्थ स्वच्छ आहे, कारण मागची औषधे कोणती हे आपल्याला पाठ आहे. फार्मासिस्टच्या दृष्टीने मात्र त्या कागदावर औषधाचे नाव नाही, मात्रा नाही आणि किती गोळ्या द्यायच्या हेही नाही. उपनियम १० मधील अटींपुढे तो कागद टिकत नाही. आपल्याला अडवणारा दुकानदार 'जुनी झाली' असे म्हणतो तेव्हा त्याला बहुधा हेच म्हणायचे असते.

मुदतीविषयी सांगायचे तर चिठ्ठी इतक्या दिवसांनी बाद होते, असा सर्वसाधारण आकडा नियम ६५ मध्ये दिलेला नाही. वर उल्लेखिलेल्या २०२० च्या अधिसूचनेत जुनाट आजारांसाठी ३० दिवस आणि तात्पुरत्या आजारांसाठी ७ दिवस अशी मर्यादा होती, पण ती घरपोच औषधांपुरती. नियम ६५ वेगळ्या रीतीने विचार करतो. चिठ्ठीवर औषध एकदाच द्यावे, हे त्याचे मूळ सूत्र आहे. ती पुन्हा वापरता येईल असे लिहिण्याचा अधिकार फक्त डॉक्टरांना आहे. आणि त्यांनी 'इतक्या वेळा' किंवा 'इतक्या दिवसांच्या अंतराने' असे लिहिले असेल तर त्याबाहेर जाऊन औषध देता येत नाही.

म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा आणि 'दरमहा ३० गोळ्या, सहा महिने' असे पूर्ण लिहून घ्या. एवढ्या एका ओळीने आपल्या पाच फेऱ्या आणि पाच वाद वाचतील. शिवाय पुनरावृत्तीच्या चिठ्ठीची नोंद दुकानदारालाही सोपी जाते. मागच्या नोंदीचा हवाला देऊन फक्त नवा क्रमांक, तारीख आणि संख्या लिहिली तरी नियमाला चालते. प्रत्येक वेळी शिक्का मात्र पडू द्या. सहा शिक्के पडले की ती चिठ्ठी खरोखरच संपली.

प्रश्न : आमचे गाव सीमेवर असल्याने आम्ही कलबुर्गीच्या डॉक्टरांकडे जातो. सूचना कन्नडमध्ये असतात. सोलापुरातील एका दुकानदाराने 'कर्नाटकातील चिठ्ठी महाराष्ट्रात चालत नाही' असे सांगितले. हे खरे आहे काय?
— वाचक, अक्कलकोट तालुका

उत्तर : खरे नाही. नियमांत नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाची जी व्याख्या आहे तिच्यात राज्याच्या वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला डॉक्टर येतो. ते राज्य महाराष्ट्रच असले पाहिजे अशी अट नाही. चिठ्ठीची भाषाही नियमाने ठरवलेली नाही. मात्र औषध देणाऱ्याला ती वाचता आली पाहिजे. सोलापुरात कानडी आणि तेलुगू जाणणारी माणसे काउंटरवर सहज भेटतात, त्यामुळे ही अडचण इथे इतर जिल्ह्यांपेक्षा कमीच आहे. औषधाचे नाव इंग्रजी अक्षरांत आणि सूचना कन्नडमध्ये असतील, तर सूचना न समजणाऱ्या फार्मासिस्टने अंदाजाने पाकिटावर 'सकाळ-संध्याकाळ' लिहून देऊ नये. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि दूरध्वनी चिठ्ठीवर छापलेला असेल तर शंका दोन मिनिटांत फिटते. तो क्रमांक चिठ्ठीवर देणे २००२ च्या विनियमांनुसार डॉक्टरांना बंधनकारकच आहे.

प्रश्न : चिठ्ठीवर कंपनीच्या नावाने महाग गोळी लिहिली होती. जनऔषधी केंद्रात त्याच घटकाची स्वस्त गोळी होती, पण तेथील मॅडम म्हणाल्या, 'डॉक्टरांकडून घटकाचे नाव लिहून आणा.' गरिबांसाठीच्या दुकानात हा ताठा कशासाठी?
— वाचक, अशोक चौक

उत्तर : त्या मॅडमनी नियम पाळला, एवढेच म्हणता येईल. शेड्यूल एच किंवा एक्स मधील औषध चिठ्ठीवर असेल तर त्याच्या बदल्यात दुसरे कोणतेही उत्पादन, मग ते त्याच घटकाचे असो वा नसो, देता येत नाही, असे नियम ६५ चा उपनियम ११-अ म्हणतो. व्यवहारात असा बदल सर्रास होतो हे सर्वांना ठाऊक आहे, आणि घटक, ताकद व प्रकार एकच असताना रुग्णाला स्वस्त औषधापासून अडवणारा हा उपनियम आजच्या परिस्थितीत बदलायला हवा, असे माझेही मत आहे. पण त्याच उपनियमामुळे जास्त नफ्याची गोळी तुमच्या हातावर ठेवू पाहणाऱ्या दुकानदारालाही लगाम बसतो, हे विसरून चालणार नाही.

यातून वाट काढण्याची सोय डॉक्टरांच्याच हाती आहे. २००२ च्या विनियमांत २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार डॉक्टरांनी औषधे जेनेरिक म्हणजे घटकाच्या नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायची आहेत. २ ऑगस्ट २०२३ रोजी, वैद्यकीय परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने याहून कडक विनियम आणले होते, ते त्याच महिन्यात स्थगित झाले. त्यामुळे २००२ चेच विनियम लागू आहेत. घटकाचे नाव आणि ताकद लिहिली की त्या घटकाची कोणतीही मान्यताप्राप्त गोळी देता येते. तेव्हा तपासणी संपताच 'डॉक्टरसाहेब, जेनेरिक नावाने लिहून द्या' असे निःसंकोच म्हणावे. फिट्स, थायरॉइड किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या औषधांत मात्र एक कंपनी सोडून दुसरी धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण तिथे मात्रेतील बारीक फरकही जाणवू शकतो.

प्रश्न : मी नुकताच दवाखाना सुरू केला आहे. चिठ्ठीत नेमके काय असावे, हे महाविद्यालयात एका तासात उरकले गेले. कृपया नमुन्यासह सांगावे.
— एक तरुण डॉक्टर, मोहोळ

उत्तर : डॉक्टर, आपले पत्र पाहून आनंद झाला, कारण आपल्या व्यवसायबंधूंकडून असा प्रश्न क्वचित येतो.

समजा, आपण एका शेतकऱ्याला रक्तदाबाची गोळी लिहीत आहात. कागदाच्या माथ्यावर आपले नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि दवाखान्याचा पत्ता छापलेला असेलच. त्याखाली तारीख. मग रुग्णाचे पूर्ण नाव, वय, लिंग आणि पत्ता. या पत्त्याकडे शंभरातले नव्वद डॉक्टर दुर्लक्ष करतात असे म्हटले तरी चालेल, आणि नियमाला तर तो हवाच आहे. गावाचे नाव आणि तालुका लिहिला तरी काम भागते. रुग्ण लहान मूल असेल तर वजन अवश्य लिहावे, कारण मात्रा बरोबर आहे की नाही हे फार्मासिस्टला ताडून पाहण्याचे ते एकमेव साधन असते. त्यानंतर औषध : 'अ‍ॅम्लोडिपिन गोळी, ५ मिग्रॅ, रोज सकाळी एक, ३० दिवस, एकूण ३०.' या ओळीत नाव आहे, प्रकार आहे, ताकद आहे, मात्रा आहे, मुदत आहे आणि एकूण संख्या आहे. शेवटचा 'एकूण ३०' हा आकडा बहुतेक चिठ्ठ्यांत नसतो, आणि मग रुग्ण दहा गोळ्या घेतो की शंभर, हे त्याच्या खिशावर आणि दुकानदाराच्या मर्जीवर ठरते.

आकडे लिहिताना दोन ठिकाणी विशेष सावध राहावे. '५.०' असे कधीही लिहू नये, कारण टिंब फिके उमटले की त्याचे ५० होतात. उलट अर्धा मिग्रॅ असेल तर टिंबापूर्वी शून्य देऊन '०.५' असे लिहावे. इन्सुलिनची एकके लिहिताना आकड्यापुढे इंग्रजी 'यू' जोडण्याची सवय घातक आहे. घाईत लिहिलेला 'यू' शून्यासारखा दिसतो आणि १० ची मात्रा १०० वाचली जाते. त्याऐवजी 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा. 'दिवसातून एकदा' आणि 'एक दिवसाआड' यांसाठीची इंग्रजी आद्याक्षरे एकमेकांसारखी दिसतात, म्हणून तीही टाळावीत. आपल्या भागात '१-०-१' ही पद्धत रुग्णांनाही कळते, ती वापरण्यास हरकत नाही.

शेवटचे औषध लिहून झाले की त्याखाली उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारावी, म्हणजे तिथे मागाहून कोणाला काही भर घालता येणार नाही. सही मात्र शिक्क्यासाठी थोडी जागा सोडून करावी. सही म्हणजे आपली नेहमीची सही; रबरी शिक्क्याने उमटवलेली सही ही सही नव्हे. आणि बाहेरगावी जाताना कोऱ्या कागदांवर सह्या करून ते कंपाउंडरकडे ठेवण्याची जी पद्धत कोठे कोठे दिसते, तिच्यापासून चार हात दूर राहावे. त्या कागदावर पुढे जे काही लिहिले जाईल त्याला कायद्याच्या दृष्टीने आपण जबाबदार असाल.

शेड्यूल एक्स मधील औषध असेल, उदाहरणार्थ मुलांच्या अतिचंचलतेसाठी दिले जाणारे मिथाइलफेनिडेट, तर चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते. त्यांपैकी एक प्रत दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो. या औषधांसाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो, त्यामुळे ती प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. चिठ्ठी देतानाच हे रुग्णाला सांगितले तर त्याची वणवण टळेल.

प्रश्न : गोळी घेताना मेडिकलमधील मुलाने वहीत माझे नाव लिहिले आणि 'कशासाठी घेता?' असेही विचारले. दुकान आमच्याच गल्लीतले आहे. माझी खासगी माहिती त्यांनी का ठेवावी?
— वाचक भगिनी, उत्तर कसबा

उत्तर : ताई, आपल्या तक्रारीतील अर्धा भाग नियमाला धरून आहे आणि अर्धा नाही. शेड्यूल एच-१ हे १ मार्च २०१४ पासून लागू झाले. सुरुवातीला त्यात ४६ औषधे होती : तिसऱ्या आणि चौथ्या पिढीची काही प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे, झोपेच्या व तीव्र वेदनेच्या काही गोळ्या. त्यांच्या पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. अशा प्रत्येक विक्रीची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करावी लागते, ती तीन वर्षे ठेवावी लागते आणि औषध निरीक्षकाने मागितली की दाखवावी लागते. प्रतिजैविकांच्या बेसुमार वापरामुळे ती निकामी होत चालली आहेत, त्यावर आणलेले हे बंधन आहे. तेव्हा वहीत नाव लिहिले म्हणून दुकानदारावर रागावू नये.

मात्र त्या नोंदवहीत काय लिहायचे हेही नियमाने सांगितले आहे : डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेली संख्या. आजाराचा रकाना त्यात नाही. फार्मासिस्टने रुग्णाला समजावून सांगण्यासाठी, इतर औषधांशी विरोध होतो का हे पाहण्यासाठी, हलक्या आवाजात काही विचारणे वेगळे. काउंटरवर चार गिऱ्हाइके उभी असताना पोऱ्याने 'कशासाठी' असे विचारणे सर्वस्वी चूक आहे. त्यातही चिठ्ठीवरील औषध फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे, असा नियम आहे. दुकानात फार्मासिस्ट आहे का, असे आपणही विचारू शकता. त्याचे उत्तर समाधानकारक नसेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

क्षयरोगाची औषधे याला अपवाद आहेत. १६ मार्च २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ती विकणाऱ्या दुकानदाराला रुग्णाची माहिती शासनाच्या क्षयरोग यंत्रणेला कळवावीच लागते. विडी कामगारांच्या वस्त्यांतून या रोगाची धास्ती आणि लाज अजूनही मोठी आहे, म्हणून हे आवर्जून सांगतो : ही माहिती उपचार मध्येच सुटू नयेत म्हणून घेतली जाते, गल्लीत वाटण्यासाठी नाही.

प्रश्न : गाईला ताप आला की आम्ही मेडिकलमधून माणसांचेच इंजेक्शन आणतो. आता दुकानदार जनावरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागतो. जनावराला कसली चिठ्ठी?
— एक दूध उत्पादक, सांगोला

उत्तर : दादा, जनावराच्या चिठ्ठीचा उल्लेख नियमातच आहे. औषध जनावरासाठी असेल तर चिठ्ठीवर त्याच्या मालकाचे नाव व पत्ता लिहायचा असतो आणि ती नोंदणीकृत पशुवैद्यकाने द्यायची असते. आपण बहुधा वेदना व ताप कमी करणाऱ्या डायक्लोफिनॅकविषयी विचारत आहात. हे औषध दिलेले जनावर मेले आणि त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. देशातील गिधाडे झपाट्याने घटण्यामागे हे मोठे कारण ठरले. म्हणून जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली, आणि माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वळू लागल्यावर २०१५ मध्ये इंजेक्शन फक्त ३ मिलीच्या एकवेळच्या कुपीतच विकण्याचे बंधन घातले गेले. जनावरांच्या औषधावर पाळीव जनावराच्या डोक्याचे चित्र आणि माणसांसाठी नसल्याचा इशारा असतो. असे चित्र असलेलेच औषध पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर घ्यावे. प्रतिजैविक दिले असेल तर दूध किती दिवस डेअरीला घालायचे नाही, हेही त्याच चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

प्रश्न : आमचे डॉक्टर चिठ्ठी न देता स्वतःच्या डब्यातून पुडी बांधून देतात. हे चालते का?
— वाचक, बार्शी

उत्तर : स्वतःच्या रुग्णाला औषध देण्यासाठी डॉक्टरांना विक्रीच्या परवान्यातून सूट आहे, पण त्यांनी उघडे दुकान चालवता कामा नये आणि ज्याला तपासले नाही त्याला औषध विकता कामा नये. पुडीत कोणत्या गोळ्या आहेत हे मात्र लिहून मागा. उद्या अंगावर पुरळ उठले किंवा रात्री सिव्हिलमध्ये न्यावे लागले, तर तेथील डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

प्रश्न : मोबाइल अ‍ॅपवरून औषध मागवताना माझ्याकडे चिठ्ठी नव्हती. अ‍ॅपवरूनच कोणा डॉक्टरांचा फोन आला, दोन मिनिटे बोलले आणि चिठ्ठी तयार झाली. अशी चिठ्ठी कायदेशीर आहे का?
— वाचक, पंढरपूर

उत्तर : ऑनलाइन औषधविक्रीसाठी स्वतंत्र नियमांचा मसुदा केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध केला होता, त्याला अंतिम रूप आलेले नाही. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्याविना होणाऱ्या ऑनलाइन विक्रीला मनाई केली. त्यामुळे अ‍ॅप कोणतेही असो, औषध शेवटी परवानाधारक दुकानातून, फार्मासिस्टच्या हातून आणि वैध चिठ्ठीवरच आले पाहिजे.

फोनवरील तपासणी टेलिमेडिसिनच्या सूचनांत बसू शकते. पण त्या सूचनांत औषधांच्या याद्या आहेत. साधी, चिठ्ठीविना मिळणारी औषधे कोणत्याही माध्यमातून सुचवता येतात. त्यापुढच्या यादीतील औषधे पहिल्याच भेटीत लिहायची तर डॉक्टरांनी रुग्णाला व्हिडिओवर पाहिलेले असले पाहिजे. तिसऱ्या यादीतील औषधे प्रत्यक्ष तपासणीनंतरच्या पाठपुराव्यातच लिहिता येतात. शेड्यूल एक्स मधील आणि अमली पदार्थांच्या कायद्याखालील औषधे तर अजिबात लिहिता येत नाहीत. संगणकीय प्रणालीने स्वतः चिठ्ठी लिहिण्यासही मनाई आहे. डॉक्टर चिठ्ठी थेट दुकानाला पाठवणार असतील तर त्यासाठी तुमची स्पष्ट संमती हवी, आणि औषध कोणत्या दुकानातून घ्यायचे ही निवड तुमचीच राहते. 'आमच्याच अ‍ॅपवरून घ्या' अशी सक्ती त्यात बसत नाही.

आपल्या दोन मिनिटांच्या बोलण्यात डॉक्टरांनी आपले नाव व नोंदणी क्रमांक सांगितला का, वय आणि चालू औषधे विचारली का, हे आठवून पाहा. चिठ्ठीची प्रत अ‍ॅपवरून उतरवून घ्या आणि तिच्यावरील नोंदणी क्रमांक वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावरील नोंदवहीत तपासा. सोबतच्या बिलावर दुकानाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, औषधाचा बॅच क्रमांक आणि फार्मासिस्टची सही असली पाहिजे. यांपैकी काही नसेल तर पाकीट न फोडता परत करावे, आणि ते औषध खरोखर लागतच असेल तर गावातल्या डॉक्टरांना दाखवून नवी चिठ्ठी घ्यावी.